फी देण्याआधी काय पाहाल? सात रस्त्याच्या परिसरातील रुग्णांसाठी दवाखान्याच्या खर्चाचे आणि सुरक्षिततेचे मार्गदर्शन

सोलापुरात सात रस्त्याच्या आसपास राहणाऱ्याला दवाखाना शोधत हिंडावे लागत नाही. रेल्वे लाइन्सकडे वळा, मोदीकडे जा किंवा होटगी रस्त्याला लागा. एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस, बालरोग, अस्थिरोग, दातांचे, डोळ्यांचे अशा पाट्या दिसत राहतात. अक्कलकोट, मंगळवेढ्याकडची माणसेही उपचारासाठी सोलापूर गाठतात. एवढ्या पर्यायांतून निवड मात्र बहुतेक वेळा एकाच वाक्यावर होते: ‘त्यांच्या हाताला गुण आहे.’ डॉक्टरवर विश्वास असणे चांगलेच आहे. पण त्या हाताने सुई नवी घेतली का, तो हात धुतलेला होता का, दिलेल्या औषधाचे नाव कागदावर आले का, हे पाहण्याची सवय आपल्याला लागलेली नाही.

ती सवय का हवी, याला कायद्यातलेच कारण आहे. खाटा असलेल्या रुग्णालयाला महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ लागू होतो; शहरात ही नोंदणी महापालिकेचा आरोग्य विभाग करतो. केवळ तपासून औषध देणारा, रुग्ण भरती न करणारा दवाखाना या कायद्यात येत नाही. केंद्राने २०१० साली क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा केला, पण तो महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. त्यामुळे कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नियमितपणे येऊन स्वच्छता, उपकरणे आणि फीचा फलक तपासणारा अधिकारी जवळजवळ नसतो. डॉक्टरांनी काय पाळायचे याचे नियम मात्र आहेत, आणि सुदैवाने त्यातले बरेचसे रुग्णाला खुर्चीवर बसल्या जागी दिसतात. पाहायला आणि विचारायला एक रुपयाही लागत नाही. ते पाहिले नाही तर काय किंमत पडते, हेच या लेखात क्रमाने सांगायचे आहे.

१. पाटी आणि नोंदणी क्रमांक

खर्च: शून्य. वेळ: पाच मिनिटे.

आधुनिक वैद्यक शिकलेल्या, म्हणजे एमबीबीएस आणि त्यापुढच्या पदव्यांच्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. बीएएमएस आणि बीयूएमएस यांची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे, बीएचएमएसची होमिओपॅथी परिषदेकडे आणि दंतवैद्यांची महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे. प्रत्येकाला नोंदणी क्रमांक मिळतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांनी हा क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो आणि चिठ्ठी, प्रमाणपत्र व पैशाची पावती या तिन्हींवर छापायचा असतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम जाहीर झाले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले. त्यामुळे २००२ चे नियम आजही लागू आहेत.

मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकून नोंदणी पाहता येते. नोंदणी एकदा झाली की कायमची, असे नाही. दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी डॉक्टरांनी सतत शिक्षणाचे ठरावीक गुण मिळवलेले असावे लागतात. नोंदणी चालू आहे याचा अर्थ डॉक्टरने शिकणे थांबवलेले नाही, असा निदान एक पुरावा तुमच्या हाती येतो.

पाटीवर पदवी न लिहिता नुसते ‘फॅमिली फिजिशियन’ असेल, किंवा जिची कुठल्याही परिषदेकडे नोंदणी होत नाही अशी एखादी पदविका मोठ्या अक्षरांत लिहिलेली असेल, तर तिथे थांबा. नोंदणी नसताना वैद्यकी करणे हा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ नुसार गुन्हा आहे.

पदवीचा आणखी एक मुद्दा. महाराष्ट्रात आयुर्वेद पदवीधरांना शासनाच्या आदेशांनुसार काही मर्यादेत आधुनिक औषधे वापरता येतात. पण ज्या पद्धतीचे शिक्षण आणि परवानगी नाही, त्या पद्धतीचे औषध देणे हाच निष्काळजीपणा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली मुंबईतल्या एका प्रकरणात स्पष्ट केले. त्यामुळे ‘डॉक्टर, आपली पदवी कोणती?’ हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. चांगला डॉक्टर त्याचे उत्तर सरळ देतो.

२. फी आधी कळली पाहिजे

याच २००२ च्या नियमांत लिहिले आहे की डॉक्टरांनी आपली फी आणि इतर आकार दवाखान्यातल्या फलकावर स्पष्ट लावावेत, आणि ते उपचाराआधी सांगावेत, उपचार सुरू झाल्यावर नाही. फलक नसेल तर बाहेर बसलेल्या ताईंना किंवा कंपाउंडरना चार गोष्टी विचारून घ्या:

– तपासणीची फी किती? त्यात औषध धरले आहे की वेगळे?
– याच आजारासाठी पुन्हा दाखवायला किती दिवसांत आलो तर फी लागत नाही?
– ड्रेसिंग, टाके, ईसीजी, वाफ देणे यांचे वेगळे किती?
– रात्री किंवा रविवारी वेगळी फी आहे का?

पावती मागा. तिच्यावर नोंदणी क्रमांक हवा. आजाराच्या तपासणीवर आणि उपचारावर जीएसटी लागत नाही. फीवर तो लावलेला दिसला तर कारण विचारा.

आता हिशेबाचे एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तिथे तुमचे घाला. समजा, ताप आला आहे. एका ठिकाणी १०० रुपयांत सुई आणि एका दिवसाच्या पुड्या मिळतात आणि ‘उद्या परत या’ असे सांगतात. तीन दिवस गेलात, ३०० रुपये झाले. दुसऱ्या ठिकाणी फी २५० आहे, चिठ्ठीवरचे औषध ६० रुपयांचे येते आणि चौथ्या दिवशी पुन्हा दाखवायला फी नाही, एकूण ३१०. वरवर दोन्हींचा खर्च सारखाच. पण यंत्रमागावर जाणाऱ्याचा किंवा विड्या वळणारीचा अर्धा दिवस बुडाला तर समजा ३०० रुपये जातात. पहिल्या ठिकाणी तीन खेपांचे ९०० धरून एकूण १,२०० होतात, दुसऱ्या ठिकाणी दोन खेपांचे ६०० धरून ९१०. शिवाय दुसऱ्या ठिकाणी औषधाचे नाव लिहिलेला कागद तुमच्याजवळ राहतो, पहिल्या ठिकाणी काहीच राहत नाही. दवाखान्याचा खर्च काढताना फी, औषध, तपासणी, रिक्षा आणि बुडालेला रोज, हे पाचही आकडे एकाखाली एक मांडा. स्वस्त आणि महाग यांचा निवाडा त्यानंतरच करा.

३. सुई: स्वस्तात मिळणारी, महागात पडणारी

हातावर पोट असलेल्या माणसाला लवकर उभे राहायचे असते, म्हणून तो स्वतःच सांगतो, ‘डॉक्टर, एक सुई मारा.’ ही मागणी समजण्यासारखी आहे. पण साध्या तापाला, सर्दीला आणि अंगदुखीला सुईची गरज क्वचितच असते. तोंडाने घेता येणारे पॅरासिटामॉल तेच काम करते आणि त्याची ५०० मिलिग्रॅमची गोळी साधारण एक रुपयाच्या आसपास मिळते.

सुई असुरक्षित असेल तर काय होते, याची उदाहरणे दूरची नाहीत. गुजरातमध्ये मोडासा परिसरात २००९ साली हिपॅटायटिस बीची मोठी साथ आली, त्यात अनेक जण दगावले आणि सिरिंज पुन्हा पुन्हा वापरल्याचे समोर आले. उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊ भागात २०१८ साली एचआयव्हीचे अनेक रुग्ण एकदम सापडले; तिथेही एकच सुई अनेकांना वापरणाऱ्या बोगस डॉक्टरकडे बोट गेले. दूषित सुई टोचली गेल्यास हिपॅटायटिस बीचा धोका ३० टक्क्यांपर्यंत असू शकतो, एचआयव्हीचा सुमारे ०.३ टक्के. हिपॅटायटिस बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर सात दिवस तग धरतो. या सगळ्यापासून वाचवणारी नवी सिरिंज औषध दुकानात काही रुपयांना मिळते.

सुई घ्यायचीच असेल तर एवढे पाहा:

– सिरिंजचे पाकीट तुमच्यासमोर फाडले गेले पाहिजे. आधीच भरून ट्रेमध्ये ठेवलेली सिरिंज नको.
– सुई बदलली पण सिरिंज तीच, हेही चालत नाही. दोन्ही नव्या हव्यात.
– अनेक डोसांची बाटली असेल तर त्यात दर वेळी नवी सुई आणि नवी सिरिंज जायला हवी. बाटलीवर ती उघडल्याची तारीख हवी.
– वापरलेली सुई टोपण न लावता तिथल्या तिथे कटरमध्ये किंवा कडक पांढऱ्या डब्यात जायला हवी.
– औषधाचे नाव आणि डोस चिठ्ठीवर लिहून घ्या. ‘तापाची सुई’ हे नाव नव्हे.
– कशाची ॲलर्जी आहे का, हे सुईआधी विचारले गेले पाहिजे.

शेवटचा मुद्दा जिवाशी आहे. कुठल्याही इंजेक्शनची तीव्र ॲलर्जी काही मिनिटांत रक्तदाब पाडू शकते. त्या वेळी पहिले औषध म्हणजे ॲड्रेनालिन. जो दवाखाना इंजेक्शन देतो, तिथे ते ट्रेमध्ये तयार असलेच पाहिजे. लस दिल्यावर बाळाला अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात, त्याचे कारणही हेच आहे. तो अर्धा तास वाया गेला असे समजू नका.

४. सलाइनने ‘ताकद’ येते का?

अर्धा लिटर साध्या सलाइनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, बाकी पाणी. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम साखर असते. ज्याला उलट्या थांबत नाहीत, जो शुद्धीवर नाही, ज्याचे पाणी फार कमी झाले आहे, त्याच्यासाठी हे जीवरक्षक आहे. बाकीच्यांना तेच पाणी, मीठ आणि साखर तोंडाने घेता येते. जुलाबात जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे २०.५ ग्रॅमचे ओआरएस पाकीट एक लिटर पाण्यात मिसळतात, आणि शासकीय केंद्रात ते मोफत मिळते. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा अशक्तपणाच्या नावाखाली सलाइन लावणे वाढते. डॉक्टरांना विचारा, ‘मला पिता येतेय, तरी शिरेतून का?’ सबळ कारण असेल तर ते जरूर सांगतील. कारण नसेल तर बाटली, सेट, खाट आणि टोचणे, या चारही गोष्टींचे पैसे वाचतील.

५. हात, रक्तदाब, वजन, फ्रिज आणि डबे

तपासणीच्या खोलीत बसल्यावर पाच गोष्टींवरून नजर फिरवा.

हात: जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार सॅनिटायझरने हात चोळायला २० ते ३० सेकंद आणि साबणाने धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. प्रत्येक रुग्णाआधी हे झाले पाहिजे. खोलीत वाहते पाणी, साबण किंवा सॅनिटायझर नसेल तर हात कुठे स्वच्छ होतात, हा प्रश्न उरतोच. ‘डॉक्टर, हात सॅनिटाइझ करता का?’ असे नम्रपणे म्हणायला हरकत नाही.

रक्तदाब: जिना चढून आल्याबरोबर मोजलेला रक्तदाब खरा नसतो. पाच मिनिटे शांत बसल्यावर, पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून, दंड हृदयाच्या उंचीवर असताना आणि बाहीवरून नव्हे तर उघड्या दंडावर तो मोजायचा असतो. एका चुकीच्या मोजणीवरून आयुष्यभराची गोळी सुरू होऊ शकते. म्हणून जास्त आला तर पुन्हा मोजायला सांगा.

वजन: लहान मुलाचे औषध वजनावर ठरते. पॅरासिटामॉलचा एक डोस किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम असतो. वजन न करता बाळाचे औषध लिहिले तर तो अंदाज आहे. सिरप १२० आणि २५० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदीत येते. त्यामुळे ‘एक चमचा’ यावर समाधान मानू नका. किती मिली, हे लिहून घ्या.

फ्रिज: लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे. फ्रिजमध्ये तापमापक आहे का आणि वीज गेली तर काय व्यवस्था आहे, हे खासगी लसीसाठी मोठी रक्कम मोजणाऱ्या आईवडिलांनी विचारलेच पाहिजे. त्याच फ्रिजमध्ये डबा आणि दूध ठेवलेले दिसले तर लस दुसरीकडे द्या.

कचऱ्याचे डबे: जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ लहान दवाखान्यालाही लागू आहेत आणि त्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारपत्र लागते. रक्ताळलेला कापूस आणि पट्ट्या पिवळ्यात, हातमोजे, नळ्या आणि सिरिंजचे प्लॅस्टिक लालमध्ये, सुया आणि ब्लेड पांढऱ्या कडक डब्यात, काच निळ्यात. सगळे एकाच बादलीत पडत असेल तर त्या सुया उद्या घंटागाडीवरच्या कामगाराच्या हाताला लागणार आहेत. दवाखाना निवडताना त्या कामगाराचाही विचार आपण केला पाहिजे.

टाके, गळू फोडणे किंवा दात काढणे असेल तर एक प्रश्न वाढवा: ‘हत्यारे ऑटोक्लेव्ह केली आहेत का?’ १२१ अंशांवर दाबाखालच्या वाफेत साधारण १५ ते २० मिनिटे ठेवल्याने जे जंतू मरतात, ते सगळे नुसत्या उकळण्याने मरत नाहीत. बंद पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदललेला असतो. तो दाखवायला सांगा.

महिला रुग्णाला पुरुष डॉक्टर तपासत असतील तर सोबत दुसरी स्त्री असणे, हा रुग्णहक्कांच्या सनदेतला हक्क आहे. त्यासाठी कारण द्यावे लागत नाही.

६. चिठ्ठी आणि पुड्या

चिठ्ठी हा तुमच्या उपचाराचा पुरावा असतो. तिच्यावर तारीख, वजन, निदान किंवा संशय, औषधाचे मूळ नाव, डोस, किती दिवस आणि डॉक्टरांची सही व क्रमांक हवा. २०१६ पासून नियम असा आहे की औषधाचे जेनेरिक नाव वाचता येईल अशा, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे. ते लिहिलेले असेल तर जनऔषधी केंद्रात तेच औषध बऱ्याच कमी दरात विचारता येते.

डॉक्टरांनी आपल्या रुग्णाला स्वतः औषध देण्याला कायद्यात मुभा आहे, आणि रात्री-अपरात्री ती सोयीचीही ठरते. पण शेड्यूल एचमधली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणारी औषधे देताना त्यावर डॉक्टरांचे नाव, पत्ता आणि डोस लिहिलेला हवा. कागदाच्या पुडीत तीन रंगांच्या गोळ्या, नाव नाही, मुदत नाही, हा प्रकार स्वीकारू नका. त्यात स्टिरॉइड असले तर आराम झटपट पडतो, पण मधुमेह्याची साखर भडकते आणि महिनोन्‌महिने घेतल्यास हाडे ठिसूळ होतात. कापलेली का असेना, नाव दिसेल अशी पट्टी मागा. पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नका. प्रतिजैविकांच्या पट्टीवर ती असते. विषाणूंमुळे होणाऱ्या सर्दीत प्रतिजैविकाचा उपयोग नसतो.

सोलापुरात घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणारी कुटुंबे हजारोंनी आहेत. डोस समजेल त्या भाषेत सांगितला जाणे, हाही तुमचा हक्क आहे. दवाखान्यातून निघण्याआधी आजीने तो डोस स्वतःच्या शब्दांत परत सांगून दाखवावा. चूक असेल तर तिथेच कळते.

७. तपासण्या: पैसे कुठे जातात?

रक्ताची किंवा सोनोग्राफीची तपासणी लिहिली की एक प्रश्न विचारा: ‘रिपोर्ट असा आला किंवा तसा आला, तर उपचारात काय बदलेल?’ उत्तर स्पष्ट असेल तर तपासणी जरूर करा. ती कुठे करायची हे तुम्ही ठरवू शकता. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेणे, ज्याला सगळे ‘कट’ म्हणतात, त्याला २००२ च्या नियमांत मनाई आहे. दोन ठिकाणी दर विचारा, पण नुसत्या दरावर जाऊ नका. लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरांची सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये कायम केले. नुसत्या तंत्रज्ञाच्या सहीचा रिपोर्ट स्वस्त असला तरी घेऊ नका. सोनोग्राफी केंद्रात नोंदणी प्रमाणपत्र आणि गर्भलिंग सांगितले जात नाही, हा १९९४ च्या कायद्याखालचा फलक दिसलाच पाहिजे. तो नसेल तर तिथून परत फिरा.

८. भरती व्हायची वेळ आली तर

इथे कायदा तुमच्या बाजूने बराच बोलतो. शुश्रूषागृह नियमांत जानेवारी २०२१ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार रुग्णालयाने १५ बाबींचे दरपत्रक दर्शनी भागात लावायचे आहे. त्यात प्रवेश शुल्क, खाटेचा आणि अतिदक्षता विभागाचा दिवसाचा दर, डॉक्टरांच्या प्रत्येक भेटीची फी, भूल, शस्त्रक्रियागृह, शुश्रूषा, सलाइन व रक्त देणे, मॉनिटर, ऑक्सिजन, पॅथॉलॉजी, एक्स-रे व सोनोग्राफी हे आकार येतात. रुग्णहक्कांची सनदही लावायची आहे. भरती करताना या दरपत्रकाचा फोटो काढा आणि अंदाजे खर्च लेखी मागा. आणीबाणीत जीव वाचवणारे प्राथमिक उपचार आगाऊ रकमेसाठी अडवता येत नाहीत. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही.

नोंदणी प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते, ती पाहा. अग्निशमन यंत्रे पाहा आणि बाहेर पडायचा दुसरा रस्ता मोकळा आहे का तेही पाहा. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात लागलेल्या आगीत दहा नवजात बालके गेली. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार आगीची यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. ताजे प्रमाणपत्र मागितले तर कुणी रागावण्याचे कारण नाही.

९. कमी खर्चाचे पर्याय

– सिव्हिल: १९६३ साली सुरू झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. तज्ज्ञ एकाच आवारात मिळतात. गर्दी असते, म्हणून सकाळी लवकर जा आणि जुने सगळे कागद सोबत ठेवा.
– महापालिकेची नागरी आरोग्य केंद्रे: लसीकरण, गरोदरपणाची तपासणी, क्षयरोगाची तपासणी आणि औषधे मोफत. बाळंतपणासाठी महापालिकेचे डफरीन रुग्णालय पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचे आहे.
– महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना: शिधापत्रिकाधारक कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार अंगीकृत रुग्णालयांत विनारोकड. भरतीआधी १५५३८८ वर विचारा; बिल झाल्यावर विचारून उपयोग होत नाही.
– कामगार विमा: पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि कारखाना नोंदलेला असेल तर कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. पैसे कापले जात असतील तर कार्ड मागून घ्या आणि वापरा.
– कुत्रा चावला तर: जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि लगेच शासकीय रुग्णालय गाठा. रेबीजची लस तिथे मिळते.
– रुग्णवाहिका: १०८, मोफत.

१०. काही बिघडले तर

आधी डॉक्टरांशी शांतपणे बोला. प्रत्येक वाईट परिणाम हा निष्काळजीपणा नसतो; योग्य उपचारानेही काही वेळा गुण येत नाही. दवाखान्यात मोडतोड किंवा मारहाण केल्यास २०१० च्या राज्य कायद्याने तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, आणि तुमची खरी तक्रार त्या गोंधळात मागे पडते.

त्यानंतर कागद मागा. लेखी अर्ज दिल्यावर ७२ तासांत उपचाराच्या नोंदी द्याव्यात, असा २००२ चा नियम आहे. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. डॉक्टरांच्या वर्तनाची तक्रार संबंधित परिषदेकडे जाते. खाटांच्या रुग्णालयाची, बोगस डॉक्टरची आणि उघड्यावर टाकलेल्या कचऱ्याची तक्रार महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे करा. एखाद्या रुग्णालयाची नोंदणी कधीपर्यंत आहे, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येते. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही लागत नाहीत.

पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केले आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पण या सगळ्याला चिठ्ठी, पावती आणि रिपोर्ट लागतात. पावती न घेतलेल्या रुग्णाच्या हातात भांडायला काहीच नसते.

सोबत ठेवायची यादी

– नोंदणी क्रमांक पाहिला?
– फी आणि पुन्हा येण्याची अट आधी कळली?
– हात स्वच्छ केले?
– सुई खरंच लागते का विचारले? पाकीट समोर फाडले?
– बाळाचे वजन केले?
– औषधाचे नाव, मिली किंवा मिलिग्रॅम आणि दिवस लिहून मिळाले?
– तपासणीचे कारण समजले?
– पावती घेतली?

यातले निम्मे प्रश्न ताप अंगात असताना सुचत नाहीत. म्हणून फॅमिली डॉक्टरची निवड घरात सगळे बरे असताना करा. रक्तदाब मोजण्याचे निमित्त करून घरच्या कुणाला तरी घेऊन एकदा जा, फी भरा, वरची यादी डोळ्यांखालून घाला. त्याच दिवशी घरातल्या प्रत्येकासाठी एक फाइल करा. तिच्यात चिठ्ठ्या, रिपोर्ट, ॲलर्जी आणि चालू औषधे ठेवा. नियम पाळणारे, रुग्णाला वेळ देणारे, सुई मागितली तरी समजावून नाही म्हणणारे डॉक्टर सोलापुरात आहेत. त्यांची फी पन्नास-शंभर रुपयांनी जास्त असली तरी ती द्या आणि चार जणांना त्यांचे नाव सांगा. सुरक्षित उपचाराला मागणी आली, तरच तो प्रत्येक गल्लीतल्या दवाखान्यात मिळू लागेल.